पोह्यांच्या बिअरला रोह्याचा चाटू

बॉस, परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे किचनमधले प्रयोग कॅन्सल! पण 2009 मध्ये पुण्यात डूलाली आली आणि परवानावाल्या मायक्रोब्रुअरींचं पेव फुटलं. तशाच एका ठिकाणी राबणाऱ्या मित्राला ट्रायलच्या पातेल्यासाठी मॅश पॅडल हवं होतं. म्हणजे काय, तर भोकांचा चाटू.

दिवा-रोहा गाडी पकडली, पेणला उतरून पोहे घेतले आणि पुढे रोह्याला सुतारकाकांकडे. लाकूड शिसवीचं. (कडवटपणा हॉप्सने आणायचा, कडुनिंबाने नव्हे!) अडीच फूट दांडा, रुंद पातं, त्याला आठ भोकं. भरडलेलं माल्ट 65-68 अंशांच्या पाण्यात पडलं, की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. भोकांतून पाणी घुसलं की त्या फुटतात. पोहे आधीच भाजून चेपलेले, म्हणून वेगळे न शिजवता माल्टबरोबरच ढकलायचे. लगदा मात्र जाम चिकट होतो, तेव्हा दांडा दणकट हवा.

काका पॉलिशचा डबा उघडायला लागले. म्हटलं, "नको हो काका, तेलसुद्धा नको!" तेलाने फेस बसतो, आणि फेसाशिवाय कसली बिअर? एकदा रस उकळून थंड झाला की चाटू आत घालायचा नाही. लाकडाच्या भेगांतले जंतू अख्खं पातेलं आंबवतात.