गुन्हा रक्तात की रस्त्यावर?

मी दारूचा वकील नाही. दारूनं धुळीला मिळालेली घरं शिरपूर तालुक्यात गावोगाव आहेत, आणि पिऊन गाडी चालवणारा माणूस मूर्ख असतो याबद्दलही माझं दुमत नाही. पण दारू वाईट, म्हणून दारूच्या नावाखाली खाकी वर्दी जे करील ते चांगलं, हा जो हिशेब आपण बिनतक्रार मान्य करून टाकलाय, तो मला मंजूर नाही. गाडी अडवायची, किल्ली काढून घ्यायची, अरे-तुरे करत ‘फुंक मार’ म्हणायचं आणि मग अंधारात ‘काय करायचं बोल’ विचारायचं, याला रस्तासुरक्षा म्हणणाऱ्यांनी ‘वसुली’ हा शब्द कशासाठी राखून ठेवलाय, ते तरी सांगावं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. गाडी सरळ होती की वाकडी, कुणाला लागलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंग्लंडात हीच मर्यादा ८० आहे. म्हणजे लंडनच्या रस्त्यावरचा सभ्य गृहस्थ आमच्या करवंद नाक्यावर उभा केला की गुन्हेगार. साहेबाचं यकृत वेगळ्या मातीचं असतं की काय?

तरीही कायदा करणाऱ्यांना थोडी लाज होती. कलम २०३ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की संशयाला वाजवी कारण असेल तरच पोलिसानं श्वासाची चाचणी मागावी. गाडी झोकांड्या खातेय, उलट्या बाजूनं येतेय, दिवे न लावता धावतेय, ही झाली वाजवी कारणं. पण थर्टी फर्स्टला बॅरिकेड लावून येईल त्याला फुंकायला लावणं कोणत्या कारणात बसतं? रात्री रस्त्यावर असणं हेच कारण? आमच्याकडे शेतीपंपाची लाइट रात्री येते. कपाशीला पाणी भरायला निघालेला माणूस मध्यरात्री मोटारसायकलवर दिसणारच. वीज द्यायला सरकारला दिवस सापडत नाही आणि रात्री बाहेर पडला म्हणून संशयित मात्र तो.

बरं, चाचणीत दोषी ठरला तर पुढे काय? कलम १८५ चा खटला जागेवर पावती फाडून मिटत नाही, तो न्यायालयातच जातो. बिनवॉरंट अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणूस सोडायचा, असं कलम २०२ म्हणतं. नुसता तोंडाचा वास, डळमळती चाल, अडखळतं बोलणं एवढ्यावर दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच बच्चूभाई कर्याणी खटल्यात सांगून ठेवलंय. यातलं किती जणांना माहीत आहे? ज्यांना माहीत असायला हवं ते सांगत नाहीत, कारण माहितीनं भाव पडतो. भाव कशाचा, तर ‘मिटवून टाकण्याचा’. जागेवर मिटलेलं प्रत्येक ड्रंक अँड ड्राइव्ह प्रकरण हा दुसरा गुन्हा असतो, आणि त्यात आरोपी कोण असतो हे मी लिहायची गरज नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजार केला. दंड वाढला की शिस्त वाढते, हे दिल्लीत बसून वाटतं. खेड्यात दंड वाढला की तडजोडीचा दर वाढतो. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे आख्खा क्विंटल कापूस विकून, वर आणखी उसनवार केल्याशिवाय हा दंड भरता येत नाही. अशा माणसापुढे पाचशेच्या दोन नोटांचा मार्ग ठेवला तर तो काय निवडेल? आणि गंमत बघा. धोकादायक पद्धतीनं गाडी चालवली तर कलम १८४ मध्ये पहिल्या वेळचा दंड १ ते ५ हजार. म्हणजे दंडापुरतं बोलायचं तर शुद्धीत राहून लोकांच्या अंगावर गाडी घालणं स्वस्त आणि दोन पेग घेऊन डाव्या बाजूनं हळू घरी येणं महाग.

आता माणसं कशानं मरतात ते पाहू. ४ जुलै २०२३. मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून आलेल्या अवजड वाहनाचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या गाड्या उडवत ते थेट हॉटेलात घुसलं. किमान १० माणसं गेली, तीही दिवसाउजेडी. बिजासन घाटाचा उतार आणि निकामी ब्रेक ही जोडी इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या ब्रेकना कोण फुंक मारायला लावतं? वाहन योग्य असल्याचा दाखला सरकार देतं, सीमेवर हाडाखेडला तपासणी नाका सरकारनंच उभारला. तापीची वाळू भरून, नंबरप्लेट चिखलानं बुजवून रात्रभर सुसाट धावणारे डंपर सगळ्या खान्देशाला दिसतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही असे ट्रॅक्टर-ट्रॉली दिसतात. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानं आठ तासांची पाळी ठरवून दिली आणि ट्रकचालक दोन-दोन रात्री जागून स्टिअरिंगवर डुलक्या घेतो. झोपेचं यंत्र पोलिसांकडे नाही, म्हणून झोप गुन्हा नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले रस्त्यावरचे मृत्यू १,६८,४९१ आहेत. त्यातले ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर आहेत, तर दारू आणि अमली पदार्थांच्या खात्यावर जेमतेम अडीच टक्के. मृताच्या रक्ताची चाचणी दर वेळी कुठे होते, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. अडीचचे पाच करा, हवं तर दहा करा. तरी उरलेल्या नव्वदांसाठी नाकाबंदी कुठे आहे?

आणि जिथं चाचणी खरोखर निर्णायक होती तिथं काय झालं? १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेखाली दोन तरुण अभियंते चिरडले गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. पावरा आदिवासी वस्तीतल्या पोराकडे बदलायला दुसरं रक्त नसतं. त्याच्याकडे फक्त स्वतःचं असतं आणि त्यातले ३१ मिलिग्रॅम न्यायव्यवस्थेला पुरतात.

ही नाकाबंदी कोण लावतंय? जे सरकार स्वतः दारूवर जगतं तेच. जून २०२५ मध्ये मद्यावरचं शुल्क वाढवताना महाराष्ट्र सरकारनं वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाची आशा धरली. दुसरीकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यानुसार प्यायलाही परवाना लागतो, दोन-पाच रुपयांचा, एका दिवसाचा. तो खिशात ठेवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक आपोआप गुन्हेगार. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू विकू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये बजावलं. तेव्हा सरकारनं दुकानं हलवण्याऐवजी रस्त्यांची मालकी हलवली. जळगावातले राज्यमार्ग महापालिकेच्या गळ्यात घालण्याचा खटाटोप कुणासाठी झाला, हे जळगावकर विसरलेले नाहीत. विकताना रस्ता पालिकेचा, पकडताना रस्ता कायद्याचा.

प्यायलेल्या माणसानं घरी जावं कसं? रात्री एसटी नाही. कालीपिलीवाला टप्पा वाहतूक करतो म्हणून बेकायदा. २०२५ चं ई-बाइक टॅक्सीचं धोरण एक लाखाहून मोठ्या शहरांसाठी, आणि २०११ च्या जनगणनेत शिरपूर लाखाच्या आत. म्हणजे सुरक्षित घरी पोचवण्याचा धंदा करू पाहणाऱ्यालाही परवानग्यांनी अडवायचं आणि मग पायी न जाता गाडी काढली म्हणून पिणाऱ्याला धरायचं. रात्रीची जीप मोकळी करा. दहा नाकाबंद्यांपेक्षा एक जीप जास्त जीव वाचवील.

‘मग काय माणूस मरेपर्यंत थांबायचं?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. अजिबात नाही. गाडी वाकडी चालली त्या क्षणी अडवा, तेव्हाच चाचणी घ्या, छातीवरचा कॅमेरा चालू ठेवा, यंत्राची छापील पावती हातात द्या. अपघात केला आणि पिऊन होता तर दुप्पट शिक्षा द्या, मृताच्या घराची भरपाई त्याच्या जमिनीतून वसूल करा, मी टाळ्या वाजवीन. शिक्षा कृत्याला असावी आणि ती खणखणीत असावी. पण ज्यानं कुणाचं काही वाकडं केलं नाही, त्याच्या नसांत डोकावायचा हक्क मी सरकारला द्यायला तयार नाही. आज अल्कोहोल शोधतायत, उद्या तंबाखूच्या निमित्तानं तोंड उघडायला लावतील, आणि आपण आ वासून उभे राहू.

तोवर मी गाडी थांबवीन, कागद दाखवीन आणि नम्रपणे विचारीन : साहेब, माझ्या गाडीनं काय केलं? उत्तर असेल तर आणा यंत्र, फुंकतो. नसेल तर बाजूला व्हा, मागून डंपर येतोय.