व्हॅन घेताना आधी चाके विचारा

आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या कापड व्यापाऱ्याची व्हॅन सकाळी भरलेली असते आणि संध्याकाळी, अल्लाहच्या कृपेने, बरीचशी रिकामी. गाडी घेताना तो किंमत विचारतो, अ‍ॅव्हरेज विचारतो. पण इंजिनचा जोर पुढच्या चाकांना मिळतो की मागच्या, हे विचारत नाही.

ओम्नी (१९८४ ते २०१९) असो की २०१० साली आलेली इको, दोन्हींचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. माल भरलेला असेपर्यंत हे ठीक, कारण वजन त्याच चाकांवर पडते. माल उतरला की मागचा भाग हलका होतो. कुरुंद्याची जमीन काळी. पावसाळ्यात परतताना रस्त्याखाली उतरलात की चाके जागीच फिरतात. केवळ वजनासाठी मी दोन गाठी न उतरवता परत आणीत असे.

पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिनचे वजन नेहमी जोराच्या चाकांवरच राहते. मागे जाणारा शाफ्ट नसल्याने तळही खाली ठेवता येतो. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९४७ सालीच अशी एच व्हॅन काढली. तिच्यात माणूस उभा राहून माल लावू शके. तळ खाली म्हणजे माल चढवणाऱ्याची कंबर वाचली.

दोषही सांगितले पाहिजेत. पुढचे टायर लवकर झिजतात. एक्सलचा रबरी बूट फाटला आणि लक्ष दिले नाही, तर खर्च मोठा. मागे जड वजन आणि समोर चढ असेल तर पुढची चाके पकड सोडतात. म्हणून हळदीची पोती किंवा सिमेंट वाहणाऱ्याने मागच्या चाकांचीच गाडी घ्यावी. साड्या, ओढण्या, तयार कपडे जागा जास्त घेतात, वजन कमी. तिथे पुढच्या चाकांची गाडी सोयीची.

अडचण ही की आपल्याकडे अशी मालवाहू व्हॅन सहज मिळत नाही. निसानची इव्हालिया २०१२ साली आली आणि काही वर्षांतच बंद झाली. अर्टिगा, ट्रायबर पुढच्या चाकांच्या आहेत, पण त्या प्रवासी गाड्या; धंद्याचा माल वाहण्याआधी आरटीओत नियम विचारून घ्यावा. कंपन्यांनी लहान व्यापाऱ्याचा विचार करावा.

व्याजाचे कर्ज टाळून, पै पै जमवून रोखीने गाडी घेणाऱ्या आपल्या बांधवाला चूक परवडत नाही. त्याने एकदा रिकामी गाडी ओल्या मातीत चालवून पाहावी, मगच पैसे मोजावेत.