व्युत्क्रम कोणाचा?

इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या डच व्याकरणांत 'इन्व्हर्शन', म्हणजे व्युत्क्रम, ही संज्ञा वारंवार येते. वाक्यारंभी काळवाचक शब्द आला की कर्ता व क्रियापद यांची अदलाबदल होते, भूतकालवाचक कृदन्त शेवटी जाते, गौण वाक्यात तर सगळेच क्रियापद शेवटी जाते, असे तीन नियम विद्यार्थ्याला पाठ करावे लागतात. अध्यापनाची सोय म्हणून मान्य झालेल्या या मांडणीत एक अनुच्चारित गृहीतक आहे : इंग्रजीचा पदक्रम हाच स्वाभाविक, बाकीचे सारे विचलन.

डच भाषेचा पुरावा याला दुजोरा देत नाही. 'ऑपबेलन' (फोन करणे) हे क्रियापद घ्यावे. 'इक बेल ये मॉर्खन ऑप' म्हणजे 'मी तुला उद्या फोन करतो'. येथे 'ऑप' तुटून शेवटी गेला, असे सांगितले जाते. परंतु हेच वाक्य 'दात' (की) या अव्ययामागून आले की 'दात इक ये मॉर्खन ऑपबेल' असे होते. क्रियापद अखंड आणि अंत्यस्थानी. तेव्हा 'ऑप' जागचा हललेलाच नाही. स्थानांतर झाले ते 'बेल'चे. यान कॉस्टर यांनी १९७५ मध्ये डचचा मूलक्रम कर्ता-कर्म-क्रियापद असा ठरविला, तो अशाच पुराव्यांच्या बळावर. मुख्य वाक्यात आख्यातरूप तेवढे दुसऱ्या स्थानी येते. 'मॉर्खन बेल इक ये ऑप' यातही ते दुसरेच आहे. उलटले काहीच नाही. पुढे १९९० च्या दशकात यान-वाउटर झ्वार्ट यांनी मूलक्रमाचा हा निष्कर्ष नाकारला. पण त्या वादानेही द्वितीय स्थानाच्या नियमाला धक्का लागत नाही.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हा शिक्षकांचा बचाव रास्त आहे. मात्र ज्ञात म्हणजे प्रमाण नव्हे. प्राचीन इंग्रजीतही क्रियापद बहुधा दुसऱ्या स्थानी येई. 'नेव्हर हॅव आय सीन' ही रचना त्याचाच अवशेष. जर्मानिक कुळात वाट सोडली ती इंग्रजीने. डचने ती राखली.

इंग्रजी पुस्तकावरून डच शिकणाऱ्या मराठी भाषकाची स्थिती तर विपरीतच होते. डचमध्ये शब्दयोगी अव्यये बहुधा नामापूर्वी येतात, त्यामुळे ती मराठीसारखी आहे असे म्हणता येणार नाही. तरी तिच्या गौण वाक्यातील अंत्य क्रियापद त्याला घरचेच आहे. तेच त्याला विक्षिप्त म्हणून शिकविले जाते, आणि तोही ते विक्षिप्त मानू लागतो. इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने शब्दांच्या आठ जाती स्वीकारलेल्या मराठीला ही सवय नवी नाही. आपली शैलीमीमांसाही 'विचलन' ही संज्ञा सढळपणे वापरते. कशापासूनचे विचलन, आणि तो प्रमाणक्रम कोणी ठरविला, हे प्रश्न न विचारता केलेले वर्णन अर्धवट असते. व्याकरणातही आणि समीक्षेतही.