मोटर काढण्याआधी फ्यूज बघता, मग संगणकाचे काय?

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर तुम्ही लगेच चेनपुली लावून ती वर काढता का? नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघता, फ्यूज बघता, स्टार्टर उघडून पॉइंट काजळलेत का ते पाहता आणि पॉलिश पेपरने घासता. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो आणि रिवाइंडिंगचा खर्च वाचतो. हे शहाणपण गावातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र कुठे जाते कळत नाही. सोसायटीतला कॉम्प्युटर सुरू झाला नाही की सचिव म्हणतो, "मशीन गेलं." चेअरमन म्हणतात, "पुढच्या मीटिंगला नवीन घेऊ." आणि पासबुक हातात धरून आलेला सभासद आल्या पावली घरी जातो.

त्यात त्याचे काय जाते ते बघा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा हवा असेल तर पीककर्जाची फेड ३० जूनच्या आत व्हावी लागते. त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे सोसायटीत पाय ठेवायला जागा नसते. नेमका तेव्हाच पाऊस लागलेला असतो, वीज जा-ये करत असते आणि कॉम्प्युटर अंग टाकतो. तारीख हुकली की व्याज शेतकऱ्याच्या बोकांडी. मशीन बंद होते, हे कारण बँकेच्या हिशेबात लिहायला रकानाच नाही. पाठोपाठ जुलैत पीकविम्याची धावपळ. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर.

सगळे दोष आज घेत नाही. एकच घेतो, मेमरीचा. कारण महिनाभर कुरकुर करून मग एके दिवशी ठप्प झालेल्या मशीनमध्ये हा दोष पुष्कळदा निघतो, आणि गावातल्या हाताला जमेल असा तो आहे.

कॉम्प्युटरमध्ये साठवण दोन प्रकारची. हार्ड डिस्क म्हणजे आपल्याकडची हळदीची पेवं, माल आत गेला की वीज असो नसो, तो तिथेच राहणार. मेमरी, म्हणजे ज्याला रॅम म्हणतात ती, मळणीचे खळे आहे. चालू काम तेवढे त्यावर पसरलेले. वीज गेली की खळे मोकळे. तेव्हा मेमरीची पट्टी खराब झाली म्हणून सभासदांची खाती बुडाली असे कोणी सांगत असेल तर घाबरू नका, पेव शाबूत असते. पण खळेच नसेल तर मळणी सुरूच होत नाही, तसा मेमरीशिवाय कॉम्प्युटर पडद्यावर एक अक्षर दाखवत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. काही मशीनमधून टूं टूं असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे मशीनची बोंब आहे. किती वेळा, लांब की आखूड, यावरून दोष कळतो, मात्र प्रत्येक कंपनीची बोंब वेगळी.

ठप्प होण्याआधी मशीन सूचना देते. मध्येच निळा पडदा येतो, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, चालू असलेले काम जिथल्या तिथे थिजते. पीक पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी असे नसते. पाणी साचले असेल, हुमणी लागली असेल. तसेच ही लक्षणे फक्त मेमरीचीच असतात असे नाही. पण तपासणी सोप्या आणि फुकटच्या गोष्टीपासून करावी, हा नियम शेतात आणि इथे एकच.

आधी पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का बघा. हसू नका, पुष्कळ वेळा तेवढेच निघते. मग भिंतीतला प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर मशीनचे चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. बाजूचा पत्रा उघडा. आतल्या कशाला हात लावण्याआधी उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगात साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण मेमरीच्या चिपला ती मारक ठरते. मग मेमरीची पट्टी शोधा: वीतभराहून लहान, उभी बसवलेली, टोकांना चाप. चाप बाहेर दाबला की पट्टी वर येते. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. ती पोराच्या दप्तरातल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका. इथे स्टार्टरची सवय आड येते, म्हणून मुद्दाम सांगतो: पॉलिश पेपर लावू नका. दातांवरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की दोन घासांत निघून जाईल आणि मग पट्टी कायमची गेली.

खाच मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. पट्टी परत बसवताना तिच्या कडेचा कापलेला भाग आणि खाचेतला उंचवटा जुळला पाहिजे. जुळत नसेल तर पट्टी उलटी आहे किंवा वेगळ्या जातीची आहे, जोर करू नका. बरोबर बसली की चाप 'टक्' करून लागतो. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत. म्हणजे पट्टी वाईट की खाच वाईट हे वेगळे पडते. प्रत्येक वेळी प्लग काढूनच.

तरीही पडदा काळाच राहिला तर एक प्रयोग करा. सगळ्या पट्ट्या काढून मशीन चालू करा. टूं टूं आवाज आला तर निम्मी चिंता मिटली. बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, मेमरी नाही म्हणून ते ओरडताहेत. आवाजाचा छोटा स्पीकर असूनही काहीच ऐकू आले नाही, तर दोष बोर्डात, प्रोसेसरमध्ये किंवा वीजपुरवठ्याच्या डब्यात असण्याचा संभव जास्त. स्पीकर नसेल, आणि नव्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा तो नसतोच, तर या प्रयोगावरून काही ठरवू नका. बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२ नंबरचा, पाच-सात वर्षांचा झाला असेल तर बदलून बघायला हरकत नाही. किरकोळ किमतीत मिळतो. वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जबर वीज राहते. तिथून पुढे काम मिस्त्रीचे.

मिस्त्रीवरून आठवले. वाळवा तालुक्यातल्या एका सोसायटीत मशीन हळू चालते म्हणून कोणीतरी जुन्या पट्टीशेजारी दुसरी जुनी पट्टी बसवून दिली. दोन्ही डीडीआर-३, पण एक दीड व्होल्टवाली आणि दुसरी कमी व्होल्टची, दोन वेगवेगळ्या मशीनमधून काढलेली. अशी जोडी कधी नांदते, कधी नांदत नाही. इथे नांदली नाही, मशीन अडखळू लागले. मिस्त्री आला आणि म्हणाला, फॉरमॅट मारू. मारला. आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मशीन सुरूच होईना, तेव्हा बोर्ड गेला असे सांगून त्याने नव्या मशीनचे कोटेशन दिले. शेवटी नवी पट्टी काढून ठेवली आणि जुनी पुसून बसवली, एवढ्यावर काम चालू झाले. फॉरमॅटमध्ये गेलेल्या खतविक्रीच्या नोंदी मात्र पुन्हा पावतीपुस्तकावरून भराव्या लागल्या.

म्हणून मेमरीचा संशय असताना फॉरमॅट करू देऊ नका. विंडोज नव्याने टाकताना प्रत्येक फाइल मेमरीतूनच डिस्कवर जाते. खळ्यात खडे असतील तर पेवात खडेच जाणार. यापेक्षा वाईट गोष्ट अजून आहे. बिघडलेल्या मेमरीवर मशीन कसेबसे चालत असते आणि आपण त्यावर हिशेब भरत राहतो. महागड्या सर्व्हर मशीनमध्ये चूक पकडणारी मेमरी असते, आपल्या टेबलावरच्या साध्या मशीनमध्ये ती सहसा नसते. आकड्यातला एक ठिपका पालटला तरी मशीन कुरकुर न करता तो लिहून घेते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजमधलीच मेमरी तपासणी किंवा मेमटेस्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बाद. "एकच तर आहे" म्हणू नका. दुकानात वजनकाटा एवढाच चुकत असता तर तुम्ही चालवून घेतला असता का?

दोष मुळात येतो कुठून, तेही आपल्या मुलखावरच आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिमेला पावसाळ्यात भिंतीला ओल आणि कागदाला बुरशी. तीच ओल दातांवर बसते. माण, आटपाडी, जतला धूळ. सांगलीत हळदीच्या पेठेतली पिवळी पूड पंख्यावाटे आत जाऊन बसते. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्या शेडला लागून मशीन ठेवणे म्हणजे धातूला गंज बोलावणे. शिवाय अर्थिंग. मोटरीला अर्थिंग करतो, ऑफिसला नाही, हे आमच्या गावांचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आपल्याकडे ही दुखणी आजची नाहीत. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून वारणा खोऱ्यातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' योजना आणली. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताचा हिशेब गावातल्या कॉम्प्युटरवर. देशभर तिचे नाव झाले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यांतल्या सात गावांत आठ महिने प्रयोग केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरचे काम त्यांनी साध्या मोबाइलवर, एसएमएसने करून दाखवले. खर्च कमी आला, शेतकऱ्यांनाही ते सोयीचे वाटले. मला त्यातून दिसते ते असे की गावात मशीन आणणे सोपे, ते सांभाळणे अवघड, आणि सांभाळण्याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो.

२०२२ साली केंद्राने देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपये मंजूर केले, पुढे सोसायट्यांची संख्याही वाढवली. चांगलेच झाले. नव्या पद्धतीत हिशेब एका मशीनमध्ये अडकून न राहता इंटरनेटवर राहतो, त्यामुळे नोंदी बुडायची भीती कमी. पण समोरचे मशीनच उठले नाही तर पावती निघत नाही, ते दुखणे तसेच. खरेदीला पैसा येतो, दुरुस्तीला कोणी विचारत नाही. जुन्या मशीनची मेमरीची पट्टी डीएपीच्या एका पोत्याच्या आत-बाहेर मिळते. एक जादा पट्टी, दोन सेल, एक ब्रश आणि खोडरबर एवढे सामान डब्यात घालून कपाटात ठेवायला संचालक मंडळाचा ठराव कशाला लागतो? गावात आयटीआय झालेली, मोबाइल दुरुस्त करणारी पोरे आहेत. त्यांतल्या एकाला मे महिन्यात बोलावून मशीन उघडून झाडून घ्या, त्याच्या कामाचे पैसे द्या, आणि सचिवाला शेजारी उभे करा म्हणजे तोही शिकेल.

सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात. अहवालाची पाने उलटताना या वेळी डेड स्टॉक रजिस्टर मागून घ्या. त्यात किती कॉम्प्युटर मोडीत काढले आहेत ते मोजा, आणि प्रत्येकापुढे दोष काय लिहिला आहे ते वाचून दाखवायला सांगा. नुसते 'नादुरुस्त' लिहिले असेल तर मशीन कोणी उघडून बघितले होते का, हे विचारा. मागच्या खोलीत ती मशीन अजून पडलेली असतील तर त्यांच्या मेमरीच्या पट्ट्या काढून, जात बघून, तपासून घ्या. एखादी तरी चांगली निघेल आणि येत्या जूनमध्ये उपयोगी पडेल.