डोळा मिटला की झालं?

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. परवा ते मांजर मीच निघालो. त्याची ही गोष्ट.

आमच्या काकूचं दापोलीजवळ छोटंसं होमस्टे आहे. त्याची वेबसाइट मी वर्डप्रेसवर एलिमेंटॉर वापरून केली. कोड लिहायचा नाही, चौकोन ओढायचे आणि हवे तिथे ठेवायचे, एवढंच. बुकिंगचं काम चुलतभावाकडे गेलं, तेव्हा काकू म्हणाली, "माझा नंबर तेवढा काढून टाक रे." काका गेल्यापासून रात्री साडेअकराला फोन वाजला की तिच्या छातीत धस्स होतं. आणि फोन कशासाठी, तर "रूम आहे का?"

मी लगेच कामाला लागलो. पानावरच्या घटकांची जी यादी असते, तिथे प्रत्येकासमोर एक डोळा असतो. नंबरासमोरचा डोळा मिटला. नंबर गायब! काकूला कळवलं, "झालं."

फोन येतच राहिले. मग कळलं की तो डोळा फक्त डिझाइन करणाऱ्याच्या सोयीचा असतो. काम करताना मध्ये येणारी वस्तू जरा बाजूला करायची, एवढंच. प्रत्यक्ष साइटवर सगळं जिथल्या तिथे. डोळा माझा मिटला होता, जगाचा नाही.

मग शहाणपणाने रिस्पॉन्सिव्हमध्ये जाऊन 'डेस्कटॉपवर लपवा' केलं. लॅपटॉपवर पाहिलं, नंबर नाही. हुश्श! पण होमस्टे शोधणारी मंडळी लॅपटॉप उघडून बसतात थोडीच? मोबाइलवर नंबर ठळक दिसत होता. तोही लपवला, टॅबलेटवरचाही लपवला.

तेवढ्यात भाच्याने कंट्रोल-यू दाबलं आणि पानाच्या कोडमध्ये नंबर शोधून दाखवला. पूर्ण दहा आकडे. 'डिस्प्ले नन' म्हणजे ब्राउझरला सांगणं, की हे दाखवू नकोस. पण पाठवलेलं असतंच! आणि नंबर गोळा करणारे प्रोग्रॅम काही आपल्यासारखं पान बघत नाहीत, ते कोड वाचतात.

तर माझं मत असं. लपवण्याची सोय वाईट नाही. मोठ्या पडद्यावरचा लांबलचक फोटोपट्टा मोबाइलवर लपवावा, ठीक आहे. पण तो सजावटीचा प्रश्न झाला. कुणी 'काढ' म्हटलं तर काढायचंच. नंबर, पत्ता, मुलांचे फोटो, जुने दर, यातलं काहीही लपवून भागत नाही.

मग आपण लपवतो का? कारण पुसायला हात धजत नाही. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत आपण घरातली मोडकी खुर्चीसुद्धा माळ्यावर टाकतो, तसंच हे. खरं तर भीतीचं कारण नाही. तो भाग टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून ठेवता येतो, आणि वर्डप्रेस पानाच्या जुन्या आवृत्त्याही राखून ठेवतं. त्या लॉगिन केल्यावर आपल्याला सापडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाही. माळा हवाच असेल तर तो घराच्या आत असावा, अंगणात चादर टाकून नव्हे.

शेवटी डिलीट केलं, कॅशे रिकामी केली, आणि कंट्रोल-यू दाबून स्वतः खात्री केली. तुमच्याही कुणासाठी केलेल्या साइटवर एकदा ते दाबून बघाच. काय काय निघेल, सांगता येत नाही.

काल काकूचा फोन आला. म्हणाली, "आता शांत झोप लागते. पण एक नंबर काढायला केवढा वेळ लावलास रे!"

काढायला दोन सेकंद लागले, काकू. लपवण्यात तीन आठवडे गेले.