उतारशाळेच्या रक्षकाचे दोन दिनार

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वेदीवरून प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू वाट चुकवून गेलेल्या याजकाला आणि लेव्याला दोष देतो, शोमरोन्याची थोरवी गातो आणि तेथेच थांबतो. त्या दाखल्यात आणखी एक माणूस आहे, याचा आम्हाला सहसा विसर पडतो. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. त्यानंतरच्या रात्री जखमी माणसाच्या उशाशी बसून कोणी काढल्या? त्याच्या जखमा कोणी धुतल्या, त्याला पाणी कोणी पाजले? त्या रक्षकाने. पण शोमरोन्याने केवळ जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकली नाही. त्याने त्याच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना तो भरून देण्याचे वचन दिले. जबाबदारी, साधने आणि पाठबळ ही तिन्ही त्याने एकत्र दिली.

आजची परिचारिका ही त्या रक्षकाची वारस आहे. आपण तिच्या हाती जखमी माणूस सोपवतो. दोन दिनार मात्र देत नाही. आणि माणूस दगावला की सर्वांत आधी तिलाच दाराशी उभे करतो. या अन्यायाविरुद्ध मला लिहायचे आहे. मात्र त्याचबरोबर परिचारिकांनाही चार कठोर शब्द सांगायचे आहेत. एक बाजू झाकून दुसरी दाखवणे हे सत्याशी इमान राखणे नव्हे.

या त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या घरांत आहे. वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांपासून शहरातील छावणीपर्यंत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील किती मुली पांढरा गणवेश घालून रात्रपाळीला जातात, ते प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. मुलगी नर्सिंगला लागली म्हणजे आईबापांची छाती अभिमानाने फुलते. पण कायद्याने आपल्या मुलीच्या खांद्यावर कोणते ओझे ठेवले आहे, याची विचारपूस किती आईबाप करतात?

2021 हे वर्ष आठवा. 9 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशुकक्षात आग लागली आणि 10 बालके मृत्युमुखी पडली. पुढे पोलिसांनी दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल केला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी 11 कोविड रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. त्या घटकेला कोण कोठे होते आणि कोणी कर्तव्यात कसूर केली, याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. तेथे ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे मी मान लवतो. कोणाचाही दोष झाकला जावा, असे मला वाटत नाही.

तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. रुग्णालयातील विजेच्या तारा परिचारिका ओढते काय? अग्निशमन यंत्रणेच्या खर्चाला मंजुरी ती देते काय? यंत्रांची खरेदी आणि दुरुस्ती यांच्या कागदांवर तिची सही असते काय? पाळीवर किती परिचारिका असाव्यात, हे तरी ती ठरवते काय? यांपैकी काहीच तिच्या हाती नाही. तिच्या हाती असते ती केवळ त्या रात्रीची हजेरीपटावरील सही. आणि पोलिसांना सर्वांत आधी सापडतो तो नेमका हजेरीपट. ज्याच्याकडे अधिकार होता त्याच्यापर्यंत पोहोचण्यास चौकशीला महिने लागतात, जी हजर होती तिच्यापर्यंत पोहोचण्यास एक दिवस पुरतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. डॉक्टर असो, परिचारिका असो वा वाहनचालक असो, कमाल शिक्षा सर्वांना सारखीच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106(1) ने ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. परंतु नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे कृत्य घडल्यास त्याला दोन वर्षांपर्यंतच शिक्षा ठेवली. आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे कोण, तर ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो डॉक्टर. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. एकच कक्ष, एकच रात्र, एकच रुग्ण. औषधाची मात्रा लिहिताना डॉक्टरांची चूक झाली आणि ते इंजेक्शन देताना परिचारिकेच्या ती चूक लक्षात आली नाही. दोघांचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे डॉक्टरांना अधिकात अधिक दोन वर्षे आणि परिचारिकेला पाच! ज्याचे शिक्षण अधिक, अधिकार अधिक आणि वेतन अधिक त्याला सवलत. जिच्याकडे या तिन्ही गोष्टी कमी तिला मात्र वाढीव शिक्षा. हा कोणता न्याय?

डॉक्टरांशी माझे वैर नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ऊठसूट फौजदारी खटल्यात ओढू नये, आधी जाणकार वैद्यकीय मत घ्यावे, असे बजावले ते योग्यच झाले. रुग्णाला वाचवण्यासाठी जोखीम पत्करणाऱ्याचा हात भीतीने थरथरू नये, हा त्यामागील विचार आहे. माझे म्हणणे एवढेच की परिचारिकेचा हातही माणसाचाच आहे. तोही थरथरतो.

आता दुसरी बाजू. आपल्या परिचारिका भगिनींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले. हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही आणि सद्सद्विवेकबुद्धीपुढे तर मुळीच नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, 1966 खाली जिचे नाव परिषदेच्या नोंदवहीत चढले आहे ती केवळ हुकमाची ताबेदार नव्हे. ती एका स्वतंत्र व्यवसायाची सभासद आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ यांची खात्री करणे हे तिचे स्वतःचे कर्तव्य आहे. मात्रेविषयी शंका आली तर विचारणे, तोंडी आदेश लिहून घेणे, रुग्णाची गुपिते जपणे हीसुद्धा तिचीच कर्तव्ये. गर्भलिंगनिदानास 1994 च्या कायद्याने बंदी केली आहे. तेथे हातभार लावणारी, मग ती कोणाच्याही सांगण्यावरून लावो, कायद्याची आणि देवाची दोघांचीही अपराधी ठरते. 2012 साली परळीत जे उघडकीस आले ते आपल्या मराठवाड्यातच घडले होते, हे विसरून चालणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका तरुण परिचारिकेने मला मिस्सानंतर देवळाच्या अंगणात गाठले. हे पापनिवेदन नव्हते, आणि तिच्या अनुमतीनेच मी लिहीत आहे. एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीला तिच्याकडे एकटीकडे चाळीस रुग्ण असत. पहाटे सहाच्या सुमारास ती सर्वांच्या केसपेपरवर ताप, नाडी आणि रक्तदाब यांचे आकडे भरी. निम्म्या रुग्णांना तिने हातही लावलेला नसे. "फादर, हे पाप आहे का?" तिने विचारले. मी म्हणालो, "होय, बाळ. ती खोटी साक्ष आहे, आठव्या आज्ञेचा भंग आहे. उद्या त्यातला एखादा दगावला, तर तुझीच सही तुझ्याविरुद्ध बोलेल." ती रडू लागली. तेव्हा मी पुढे म्हणालो, "पण हे पाप तुझ्या एकटीचे नाही."

आजही मी त्या उत्तरावर ठाम आहे. सामान्य कक्षात अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक. चाळिसांमागे एक नेमणारा मालक त्या खोट्या आकड्यांचा सहलेखक आहे. त्याची सही कागदावर नसते, एवढाच काय तो फरक.

अरुणा शानबाग यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, आपल्याच कामाच्या ठिकाणी, या परिचारिकेवर एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला. 18 मे 2015 रोजी तिने प्राण सोडला. मधली 42 वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरवले, न्हाऊमाखू घातले, कुशीवर वळवले. तिला मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या या सेवकवर्गाचा मानला आणि अर्ज फेटाळला. त्या निकालाने ठरावीक परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही खुली केली, त्याची चर्चा वेगळी. पण रुग्णाची खरी आप्त कोण, या प्रश्नाला देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने त्या दिवशी परिचारिकांकडे बोट दाखवले. ज्यांची साक्ष जीवनमरणाच्या प्रश्नात एवढी मोलाची, त्यांचे म्हणणे पाळीचे वेळापत्रक आखताना का ऐकू येत नाही?

शेवटी आपल्या घरचे. आपल्या ख्रिस्ती संस्थांतही सेवा आणि त्याग हे पवित्र शब्द वेतनपत्रक झाकण्यासाठी वापरले जातात, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही, लाज वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने 50 खाटांहून लहान खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. न्याय्य वेतन हा कामगाराचा हक्क आहे, हे तर पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालीच जगाला सांगितले. त्याग स्वेच्छेने केला तर तो यज्ञ. दुसऱ्याकडून सक्तीने करवून घेतला तर ती लूट.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. आईबापहो, मुलगी नोकरीला लागताना नेमणूकपत्र आणि रात्रपाळीची रुग्णसंख्या विचारा. परिचारिका भगिनींनो, न केलेले काम केले म्हणून लिहू नका, आणि माणसे अपुरी असतील तर ते वरिष्ठांना लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवा. नातेवाईकहो, संतापाच्या भरात समोर दिसणाऱ्या सिस्टरवर हात उगारू नका. महाराष्ट्रात 2010 पासून तो स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याआधीपासून तो अधर्म आहे. धर्मग्राम समित्यांनो, 11 फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनी केवळ फुले वाटू नका. कलम 106 मधील हा पंक्तिप्रपंच दूर करावा, असे निवेदन आपल्या खासदारांच्या हाती द्या.

शोमरोनी परत येणार आहे. तो उतारशाळेच्या रक्षकाला हिशेब विचारील, यात शंका नाही. पण त्याआधी तो आपल्याकडे वळेल आणि विचारील : मी दिलेले ते दोन दिनार तुम्ही त्याच्या हाती पोहोचवले होते ना?