अक्काची सही

गेल्या अंकात हे सदर आले नाही. काही वाचकांनी आस्थेने चौकशी केली, त्यांचा मी ऋणी आहे. माझी थोरली बहीण वयाच्या ७४ व्या वर्षी निवर्तली. या वेळी बँक खात्यातील नामनिर्देशनावर लिहायचे ठरले होते. तो विषय पुढे केव्हातरी घेऊ.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जयसिंगपूरच्या आमच्या दुकानामागच्या खोलीत तांदूळ निवडता निवडता तिने माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी पाठ करून घेतली. स्वतः ती सातवीनंतर शाळेत गेली नाही, मी एम. कॉम. झालो. पुढे बँकेत संगणक आले, तरी व्याजाचा अंदाज मी आधी मनातच बांधत असे आणि तो चुकला की कानशिलावर तिची हलकी चापट बसल्याचा भास होई. सांगलीत हळदीची अडत असलेल्या घरी तिचे लग्न झाले. सौद्यांच्या दिवसांत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, सूर्यास्तापूर्वी सर्वांची पाने उठलेली, आणि त्यानंतर रोजमेळातील चूक तोंडी दाखवून देणारी अक्का. दिवाणजी तिला वचकून असत.

हे सारे शोकसभेत सांगून झाले. तिथे जे मी बोललो नाही, ते इथे लिहितो.

वडील १९९३ साली गेले. मागे दुकान आणि घर, दोन्ही त्यांच्या स्वकष्टाचे. मृत्युपत्र नव्हते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्याप्रमाणे आई, आम्ही दोघे भाऊ आणि अक्का असे चार समान वारस होतो. मुलींना २००५ मध्ये हक्क मिळाला, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ती दुरुस्ती मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेविषयी होती. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा १९५६ पासूनच मुलाइतका आहे. मला हे त्या वेळीही ठाऊक होते.

धाकट्या भावाला दुकान वाढवायचे होते. कर्जासाठी कागद निर्वेध हवे होते. हक्कसोडपत्र मीच तयार करवून घेतले. अक्का सकाळच्या एसटीने आली, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बाकावर बसली आणि तिने एवढेच विचारले, "कुठं करू सही?" मी बोट ठेवले. बँकेत एखादा जामीनदार इंग्रजी कागदावर मराठीत सही करणार असेल, तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची नोंद झाल्याशिवाय मी फाईल पुढे जाऊ देत नसे. त्या दिवशी मात्र मला दुपारपर्यंत कामावर हजर व्हायचे होते. कागदात 'प्रेमापोटी, विनामोबदला' असे शब्द होते. संध्याकाळी आईने तिला साडी नेसवली.

२००५ च्या महापुरात हरिपूर-सांगलवाडीकडील पेवांत पाणी शिरले. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातील हळदीचे कोठार. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे टिकते, पण पुरापुढे तिचा इलाज नाही. अक्काच्या घरचा माल त्यात गेला. मी धावत गेलो. हप्त्यांची फेरआखणी मागणारा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, चार दिवस राहिलो, तिच्या सासरच्यांनी माझे कौतुकही केले. त्या चौथ्या हिश्श्याचा विषय मी काढला नाही. तिनेही काढला नाही. त्या वर्षी तिने पाटल्या मोडल्या, हे मला दोन वर्षांनी, तेही दुसऱ्याकडून कळले.

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस उजाडला की पहिला फोन तिचा. धाकट्याने आधी करायचा, पण ती वाट पाहत नसे. "जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा कर" असे ती म्हणे, मीही तेच म्हणे, आणि मग आम्ही पावसापाण्याचे बोलत असू. एवढ्या वर्षांत त्या कागदाचा उच्चार त्यात कधी झाला नाही. 'जाणता' या शब्दात तो आपोआप येतो, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

तिचे सर्व आटोपल्यावर भाचा आणि भाची यांना समोर बसवून मी हे सांगितले. दोघांनाही यातले काहीच माहीत नव्हते. आम्ही दोघा भावांनी मिळून आजच्या भावाने तिच्या वाट्याची रक्कम काढली होती; तो आकडा लिहिलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. भाच्याने तो न पाहताच माझ्याकडे सरकवला. "मामा, आईनं दिलेलं आम्ही कसं घ्यायचं?" भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तुम्ही तिला तो कागद वाचून दाखवला होता का?"

मी नाही म्हणालो.